वर्गात मिनिमलिस्ट सेल्फ पोर्ट्रेट कसं करायचं: नवीन शिक्षकांसाठी आणि घरी करून बघणाऱ्या मुलांसाठी

मिनिमलिस्ट सेल्फ पोर्ट्रेट म्हणजे स्वतःचंच चित्र, पण चार-पाच सपाट आकारांत आणि तीन-चार रंगांत. शेडिंग नाही, पापण्या नाहीत, बऱ्याचदा डोळे-नाक-तोंडही नाही, आणि तरी शेवटच्या बाकावरून बघून पोरं म्हणाली पाहिजेत की अरे हा तर आपला अमुक. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नेटवर शोधलंत तर बिनचेहऱ्याची गोड चित्रं ढिगाने मिळतील पण त्यातली निम्मी कुणाचीच नसतात, केसांचा रंग बदलला की झाली दुसरी मुलगी तयार. आपल्याला एकाच माणसाचं, म्हणजे जो करतोय त्याचं चित्र हवंय.

मी मुंबईत शाळेत चित्रकला शिकवते आणि "बाई मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच करायला देते, कारण इथे हाताच्या सफाईपेक्षा नीट बघण्याचं काम जास्त. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करणारी मुलं यात आपोआप पुढे जातात असं अजिबात नाही, उलट त्यांचा हात सारखा शेडिंगकडे वळतो आणि त्यांना थांबवावं लागतं.

थोडं मागचं सांगते. कलेच्या इतिहासात मिनिमलिझम म्हणतात ती चळवळ १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोरात आली, डोनाल्ड जड वगैरे मंडळी, आणि त्यात माणसाचा चेहरा नव्हताच, नुसत्या पेट्या, चौकोन, रेषा. आपण त्यातून "कमीत कमी ठेवा" एवढंच घेतोय. चेहऱ्यांसाठी मुलांना दाखवायचाच असेल तर ज्युलियन ओपी दाखवा, ब्रिटिश चित्रकार आहे, जाड काळी रेघ, सपाट रंग आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, ब्लर बँडच्या चौघांचे चेहरे त्याने २००० साली असेच केले होते आणि चौघे चार वेगळे वाटतात. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा कालो पण दाखवा, तिने स्वतः काही मिनिमलिस्ट केलं नाही पण तिची जोडलेली भुवई आणि केसातली फुलं एवढंच फळ्यावर काढलं तरी ज्याने तिचं एक चित्र पाहिलंय तो ओळखतो.

पण खरं सांगू का, मुंबईतल्या मुलांना लांबची उदाहरणं लागतच नाहीत. लोकलच्या लेडीज डब्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र वर्षानुवर्षं असायचं, त्यात काय काय काढलंय आणि काय सोडलंय ते विचारा. २०२० मध्ये दादर-माहीम पट्ट्यात पादचाऱ्यांच्या सिग्नलवर पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली, तिथे फरक कशाने कळतो तर फक्त फ्रॉकच्या आकाराने. पालघर-डहाणूकडच्या वारली चित्रांत दोन त्रिकोणांचं अंग आणि वर गोल डोकं, चेहऱ्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, तरी कोण नाचतंय, कोण पाणी भरतंय ते कळतं.

पहिल्या तासाला कात्री-कागद काढायच्या आधी मी फळ्यावर एक खेळ घेते. एक साधा लांबट गोल काढायचा, केस नाहीत, आणि त्यावर गोल चष्मा. सगळे ओरडतात, गांधीजी! मग तोच गोल आणि तोच चष्मा ठेवून वर बाजूला वळवलेले केस आणि खाली कोट-टायचा व्ही काढायचा. बाबासाहेब! मग केस पुसून डोक्याच्या मागे थोडेसे ठेवायचे, भुवया जाड आणि कोटाला चौकडी. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन म्हणून ज्यांनी वरळी सी फेसवरचा पुतळा पाहिलाय ती मुलं लगेच सांगतात. चष्मा तिन्ही वेळा तोच होता. मुलांना इथे कळतं की एकटी खूण पुरत नाही, दोन-तीन खुणा एकत्र आल्या की माणूस उभा राहतो. हा दहा मिनिटांचा खेळ वगळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

सामान

सामान फार लागत नाही. ए-फोर आकाराची कार्डशीट पाठीमागे लावायला, रंगीत टिंटेड पेपर किंवा घोटीव कागद, पेन्सिल, जाड काळा मार्कर, कात्री, ग्लू स्टिक. फेविकॉल चालतो पण पातळ कागदाला सुरकुत्या पडतात आणि पावसाळ्यात तर तो वाळतच नाही, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी ग्लू स्टिकच सांगते. पूर्ण वर्गाचं एकदम घ्यायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला होलसेलमध्ये मिळतं. आणि एक गोष्ट जी प्रत्येक घरात पडलेली असते ती म्हणजे वह्यांना घालायचा ब्राउन पेपर, तो टाकू नका, चेहऱ्याच्या रंगासाठी आपल्याला लागणार आहे.

पोस्टर कलरनेही करता येतं, पण पहिल्यांदा करताय तर कागद कापूनच करा असं माझं म्हणणं. ब्रश हातात आला की मूल बारीक-बारीक काढायला लागतं, कात्रीने पापणी कापता येत नाही म्हणून कात्री आपोआप आवर घालते.

फोटो

सेल्फी घेऊ नका. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि आपल्याला तर कानच हवे असतात. दुसऱ्या कुणीतरी दीड-दोन मीटरवर उभं राहून, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून, थोडं झूम करून काढायचा. मागे साधी भिंत, उजेड समोरून, म्हणजे मूल खिडकीकडे तोंड करून उभं. हसू नकोस असं सांगू नका, जसं असतं तसं असू दे, मान एका बाजूला कलते त्यांची कलू दे, तीच तर खूण असते.

मग ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स, एका पानावर एक चेहरा. मुलांचे फोटो शिक्षकाच्या फोनवर राहू देऊ नका, प्रिंट झाली की डिलीट, पालकांना आधी चिठ्ठी द्यायची आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. ज्यांच्या घरून नाही म्हणतात त्यांना आरसा द्या, आरशावरून केलेलं चित्र कधीकधी जास्त चांगलं होतं कारण मूल जास्त वेळ बघतं.

काय ठेवायचं

आता मुख्य काम. प्रत्येकाला एक प्रश्न द्यायचा: संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर गर्दी आहे, तुझा मित्र लांबून येतोय, तो तुला कशावरून ओळखेल? उत्तरं वहीत लिहायची, पाच तरी. मग शेजाऱ्यानेही तुझ्याबद्दल पाच लिहायची. दोन्ही याद्यांमध्ये जे येतं ते चित्रात जाणारच, बाकीचं नंतर बघू.

शेजाऱ्याच्या यादीला नियम लागतात आणि ते आधीच, स्पष्ट सांगायचे. रंग, जाड-बारीक, दात, व्रण यातलं काही लिहायचं नाही. केस, भांग, चष्मा, कान, मानेची ठेवण, खांदे, रिबिन, टिकली, टोपी, बॅगचा पट्टा हे चालेल. आणि चित्र ज्याचं आहे तो यादीतली कुठलीही ओळ खोडू शकतो, कारण न सांगता. सातवी-आठवीतली मुलं स्वतःच्या दिसण्याबद्दल किती हळवी असतात हे त्यांना रोज भेटणाऱ्याला माहीत आहे, मी या बाबतीत कुठलीच सूट देत नाही.

इथे एक अडचण येते जी नेटवरच्या गाइडमध्ये कुणी सांगत नाही. तिथे सगळे आपापले कपडे वापरून ओळख पटवतात, पिवळा टी-शर्ट, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट. आपल्याकडे पन्नास-साठ मुलं एकाच युनिफॉर्ममध्ये, मुलींच्या दोन वेण्या आणि एकाच रंगाच्या रिबिनी, मुलांचा एकाच न्हाव्याने केलेला कट. कपड्यांवरून काही कळणार नाही. काही जण म्हणतात त्या दिवशी घरचे कपडे घालून या, मला ते पटत नाही. मी युनिफॉर्मच ठेवते, सगळ्यांचा कॉलर आणि टाय एकाच कागदातून कापायचा, मग फरक शोधायला डोकं आणि मानच उरते आणि मुलं खरोखर बघायला लागतात.

आणि बघायला लागलं की किती सापडतं बघा. एकसारख्या बारीक केसांची मुलं असली तरी कपाळावरची केसांची रेघ वेगळी असते, कुणाची सरळ, कुणाची मधे टोक आलेली, कुणाची दोन्ही बाजूंना आत गेलेली. कान कुणाचे चिकटलेले, कुणाचे बाहेर. मान लांब की खांद्यात रुतलेली. खांदे उतरते की सरळ. कुणाचं वरचं बटण कायम उघडं, कुणाचा टाय कायम एका बाजूला. भांग मधे की डावीकडे. मुलींच्या वेण्या कानाच्या वर बांधलेल्या की खाली, पुढे घेतलेल्या की मागे, आणि कपाळावर सुटून आलेले ते चार केस.

छोटी चित्रं

लगेच मोठ्या कागदावर जाऊ नका. वहीच्या पानावर काडेपेटीएवढे चार-सहा चौकोन आखून प्रत्येकात जाड मार्करने तेच डोकं काढायचं. मार्कर जाडच हवा, पेन्सिल दिली की डोळे आलेच. दर चौकोनात एक गोष्ट कमी करायची. ज्या चौकोनात आता अजून काही कमी केलं तर मी राहणार नाही असं वाटतं, तो घ्यायचा. बहुतेक मुलांचं चार आकारांवर येऊन थांबतं: केस, चेहरा-मान, कपडे आणि एक खास गोष्ट.

आकार उतरवणं

झेरॉक्सवर आधी मार्करने आकारांच्या कडा गिरवा. केसांचा एकच आकार, आत एकही रेघ नाही. चेहरा आणि मान मिळून दुसरा. खिडकीच्या काचेवर झेरॉक्स आणि त्यावर ट्रेसिंग पेपर धरला की झालं, ट्रेसिंग नसेल तर कार्बन पेपर.

आरशावरून करणाऱ्यांनी मापं लक्षात ठेवा. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अर्ध्यावर. जवळपास सगळी मुलं ते वर काढतात कारण कपाळ जिथे सुरू होतं तिथूनच डोकं सुरू झालं असं धरतात आणि केसांखालची कवटी विसरतात. आपण डोळे काढणार नसलो तरी हे माप लागतं, कारण चष्मा तिथेच बसतो आणि कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत असतात. चष्मा एक बोट वर चिकटला तरी माणूस बदलतो, चिकटवायच्या आधी नुसता ठेवून बघा.

रंग

चेहऱ्याच्या रंगावर थांबायला हवं. वर्गात "स्किन कलर दे ना" म्हणून जो खडू एकमेकांना दिला जातो तो पीच असतो, आणि वर्गातल्या फारच थोड्या मुलांच्या हाताशी तो जुळतो. मी हा शब्द वर्गात वापरू देत नाही, कुणाचा स्किन कलर असं विचारते. ब्राउन पेपर, जुनं खाकी पाकीट, पुठ्ठ्याच्या खोक्याची आतली बाजू, टिंटेड पेपरमधले तपकिरी, हे सगळं टेबलावर ठेवायचं आणि प्रत्येकाने कागद मनगटाशेजारी धरून आपला निवडायचा, खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली नको. रंगाने करणार असाल तर यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा यात बहुतेक सगळ्या छटा निघतात, गडद हवा तर बर्न्ट अंबर घाला, काळा घालू नका, काळ्याने रंग मळतो. पोस्टर कलर वाळल्यावर छटा बदलते म्हणून आधी एका पट्टीवर लावून वाळू द्या. एखाद्याला चेहरा निळा किंवा हिरवा करायचा असेल तर बिनधास्त करू द्या, आकार बरोबर असले तर ओळख रंगावर अडत नाही. पण हा निर्णय त्याचा असावा, स्वतःचा रंग टाळायचा म्हणून असेल तर शेजारी बसून चार गोष्टी बोला.

एकूण रंग पाचच्या वर नकोत, त्यात मागचा कागदही धरा. काळे केस आणि मागे नेव्ही ब्लू असं केलं की केस गायब होतात आणि आपली सगळ्यात मोठी खूण गेली. तपासायला डोळे किलकिले करून बघा, किंवा फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, दोन शेजारचे आकार एकमेकात मिसळले तर एकाचा कागद बदला.

कापणं आणि चिकटवणं

कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा, वळण गुळगुळीत येतं. चष्म्यासाठी कागद मधोमध दुमडून अर्धाच चष्मा काढायचा, आधी आतला भाग कापायचा आणि मग बाहेरचा, उलट केलं तर हातात तुटतो. वेणीचे पेड काढत बसू नका, कडेला दोन्ही बाजूंनी तीन-चार खाचा दिल्या की वेणी दिसते, आणि रिबिनीचं फूल एकाच तुकड्याचं. कुरळ्या केसांसाठी कात्री बाजूला ठेवा आणि कागद बोटांनी हळूहळू फाडा, ती फाटकी मऊ कड केसांसारखी दिसते, हे मुलांना फार आवडतं. हिजाब असेल तर तो एक मोठा आकार आणि आत चेहऱ्याची खिडकी, कुठल्या बाजूला पिन करते आणि खांद्यावर कसा पडतो तिथे ओळख आहे. पटका बांधणाऱ्या शीख मुलाचा वरचा जुडा मधे आहे की थोडा पुढे ते बघून कापा.

चिकटवायचा क्रम आधी वहीत लिहून घ्या कारण इथे गोंधळ होतोच. मागचा कागद, मग मागचे केस किंवा वेण्या, मग मानेसकट चेहरा, मग कॉलर आणि टाय मानेवर, मग पुढचे केस आणि भांग, शेवटी चष्मा किंवा टिकली. मानेचा तुकडा कॉलरच्या खाली दोन बोटं लांब ठेवायचा, नाहीतर मधे फट राहते. सगळं आधी कोरडं मांडून बघायचं आणि मगच ग्लू. डोकं पानाच्या बरोबर मधे छोटंसं नको, खांदे खालच्या कडेला टेकू द्या, वर आणि एका बाजूला जागा मोकळी सोडा. मोकळी जागा बघून मुलं तिथे फुलं, तारे, हार्ट काढायला जातात, तेवढं मात्र मी करू देत नाही.

डोळे काढायचे का? माझं मत, पहिल्या चित्रात नाहीच. पुढच्या चित्रात दोन ठिपके आणि एक रेघ घालून बघा.

ओळखतात का

सगळी चित्रं नावाशिवाय, मागे नंबर टाकून, भिंतीवर लावायची. मुलांनी मागच्या भिंतीशी उभं राहून चिठ्ठीवर कुठल्या नंबरचं कोण ते लिहायचं, ओरडायचं नाही. जे चित्र निम्म्याहून जास्त जणांना ओळखू आलं ते झालं. नाही आलं तर त्या मुलाने फक्त एकच बदल करायचा, काहीतरी एक वाढवा किंवा एक काढा, आणि परत लावा. बऱ्याचदा चूक खूप साधी असते, भांग उलट्या बाजूला गेलेला असतो. आरशावरून केलेल्यात तर हे हमखास होतं, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मुलाला स्वतःला ते बरोबर वाटतं आणि बाकीच्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. केसांचा तुकडा उलटा करून लावला की लगेच नावं यायला लागतात.

मार्क द्यायचेच असतील तर सफाईला कमी आणि निवडीला जास्त द्या. काय सोडलंस आणि का, हे प्रत्येकाला दोन वाक्यात चित्रामागे लिहायला सांगते, मराठीत, हिंदीत, जशी येईल तशी. हे वाचताना मला मुलाबद्दल जेवढं कळतं तेवढं चित्रातून कळत नाही कधीकधी.

वेळेचं म्हणाल तर दोन डबल पिरियड हवेत, पहिल्यात खेळ, यादी आणि छोटी चित्रं, दुसऱ्यात कापणं-चिकटवणं, आणि ओळखायचा खेळ पुढच्या साध्या तासाला. एका दिवसात उरकायला जाऊ नका, मधे एक-दोन दिवस गेले की मूल परत बघून स्वतःच एखादा तुकडा काढून टाकतं. चिकटवलेली चित्रं दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, मुंबईच्या दमट हवेत कार्डशीटच्या कडा वळतात, आणि भिंतीवर लावायची ती खिडकीपासून लांबच्या भिंतीवर, म्हणजे पावसाची झड येणार नाही.